हसणारा वाचक

रुपेश कुबलच्या पुस्तकातल्या एका पानावर सगळे रडत. हे कुणी ऐकीव सांगत नव्हतं, ते मोजलेलं होतं.

रुपेश सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. एका परक्या देशाच्या समुद्रात त्याचं जहाज अडवलं गेलं, हेरगिरीचा आरोप ठेवून खलाशांची वेगवेगळ्या तुरुंगांत पांगापांग झाली आणि पुढची नऊ वर्षं रुपेशने एकट्याच्या कोठडीत काढली. सुटून आल्यावर तो गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. तुरुंगाबद्दल कुणी विचारलं की तो स्पॅनर शोधायला लागायचा. शेवटी त्याची बायको वैदेही, जी गावच्या शाळेत शिकवायची, तिने त्याला लिहायला बसवलं. दोन पावसाळे गेले आणि ‘बंद बंदर’ लिहून झालं.

तोवर कागदावर वाचणारे थोडे उरले होते. बहुतेक लोक वाचनपाटीवर वाचत. ही पाटी हातात धरली की कडेवर टेकलेल्या अंगठ्यातून नाडी कळायची. वरच्या बारीक कॅमेऱ्याला डोळ्याची बाहुली कुठे थांबली, कुठे मोठी झाली ते दिसायचं. पाटीच्या मागून अगदी क्षीण लहरी वाचकाच्या छातीवर जाऊन परत यायच्या आणि त्यांवरून श्वासाची लय उमटायची. या तिन्हींवरून पाटी ठरवायची की माणूस कंटाळला आहे, घाबरला आहे की रडतो आहे. वाचकाने परवानगी दिली तर हा सगळा आलेख लेखकाकडे जायचा. मात्र नावाशिवाय. नाव वेगळ्या कुलपात राहायचं आणि ते कुलूप उघडणं कायद्याने गुन्हा होता.

‘बंद बंदर’च्या बहुतेक वाचकांनी परवानगी दिली होती. लोकांना आपलं रडणं लेखकापर्यंत पोचवायचं होतं. पुस्तक आलं त्याच आठवड्यात यंत्राने त्याची पंचवीस भाषांत भाषांतरं केली. कुठून कुठून निरोप येऊ लागले. आजारी नवऱ्याजवळ बसून वाचणाऱ्या एका बाईने कळवलं की आता तिला खोलीच्या भिंतींची भीती वाटत नाही. एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्याने फक्त ‘नमस्कार’ एवढंच लिहिलं होतं. रुपेश हे सगळं वाचायचा आणि कामाला लागायचा.

सगळ्यांना रडवणारं पान शेजाऱ्याचं होतं. रुपेशच्या कोठडीच्या भिंतीतून सांडपाण्याचा एक पाइप पलीकडे जायचा. त्याला तोंड लावलं की शेजारच्या कोठडीतल्या माणसाशी बोलता यायचं. तो दुसऱ्या कुठल्याशा जहाजावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. चार वर्षं दोघं खलाशांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलले. एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. दुपारी पातळ राखाडी पेज आली की शेजारी पाइपातून रांधायला लागायचा. आज कोळंबी, आज हिलसा. तेल किती तापू द्यायचं, मोहरी कशी वाटायची, सगळं सांगायचा आणि रुपेश ते ऐकत पेज प्यायचा. मग शेजाऱ्याचा आवाज बसत गेला, खरखरीत झाला आणि एक दिवस बंद पडला. रुपेशने पहारेकऱ्याला खुणेने विचारलं. पहारेकऱ्याने आपल्या गळ्यावरून आडवं बोट फिरवलं.

‘त्याच्याकडचे विधी मला येत नव्हते, म्हणून आमच्याकडचे केले,’ असं रुपेशने लिहिलं होतं. डबाभर पाण्याने त्याने आंघोळ केली. पेजेतली शितं गोळा करून त्यांचा पिंड केला आणि झरोक्याच्या कडेवर ठेवला. कावळा आला नाही. तिथे कावळे नव्हतेच. दोन दिवसांनी एक चिमणी आली आणि तिने ती वाळलेली शितं टिपली. ‘मी म्हटलं, पोचलं. आणि मग जेवलो.’ पान तिथे संपत होतं.

पुस्तकात शेजाऱ्याचं नाव, देश, काहीच नव्हतं. नाव रुपेशला ठाऊक होतं, पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्रास नको म्हणून त्याने ते गाळलं होतं.

पुस्तकाची संपादक केतकी दामले पुण्याहून आचऱ्याला आली ती हे आलेख घेऊन. पस्तिशीची, बोलायला मोकळी बाई. रुपेशबद्दल तिला इतका आदर होता की त्याच्यासमोर ती खुर्चीत नीट टेकूनसुद्धा बसत नसे.

“कुबल सर, हे तुमचं पान,” तिने पडद्यावर दाखवलं. हजारो रेघा एकाच ठिकाणी खाली वाकल्या होत्या. “सगळ्या भाषांत सारखंच. ‘पोचलं’ या शब्दाला लोकांचा श्वास अडकतो आणि मग सुटतो. आमच्याकडे इतकं सारखं वाचन आजवर कुठल्याच पुस्तकाचं झालेलं नाही.”

“बरं,” रुपेश म्हणाला.

“एक रेघ मात्र वेगळी आहे. यंत्राने ती बिघाड म्हणून बाजूला काढली होती. मी दाखवणार नव्हते, पण तुमच्यापासून काही लपवावंसं वाटत नाही.” तिने दुसरी रेघ उघडली. ‘पोचलं’ या शब्दापाशी ती बारीक बारीक करवतीच्या दातांसारखी वर-खाली झाली होती. “हे हसणं आहे. छातीचा पडदा असा भराभर हलतो तो फक्त हसताना. हा वाचक ते पान पुन्हा पुन्हा उघडतो आणि दर वेळी हसतो. बिघाड अशासाठी म्हटलं, की हसण्याचा आवाज कुठेच नाही. पाटीला आवाजही ऐकू येतो. इथे नुसता श्वास हसतोय.”

रुपेशचा चेहरा उतरला. “हसतो?”

“असतात अशी माणसं. मनाला लावून घेऊ नका.”

रुपेश उठून बाहेर गेला. खाडीवर भरती चढत होती. दुरुस्तीला आलेलं एक इंजिन पडवीत उघडं पडलं होतं, त्याच्याशी तो उगाच झटत बसला. केतकीला वाटलं, आपण सांगायला नको होतं. ती वैदेहीची क्षमा मागायला स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात रुपेश दारात येऊन उभा राहिला.

“ती रेघ कुठल्या भाषेतली?”

“बंगाली अनुवादाची.”

“पाइपातल्या स्वयंपाकाचं प्रकरण तो कसं वाचतो?”

केतकीने पाहिलं. त्या प्रकरणात बहुतेक वाचकांचे डोळे घाईने पुढे सरकत होते. पाककृती कोण वाचणार? हा एकच वाचक शब्द न् शब्द वाचत होता. हिलशाच्या कालवणात कांदा घातल्याचं लिहिलं होतं, तिथे त्याची नजर दर वेळी ठेचकाळून थांबत होती.

“माझं चुकलं असणार,” रुपेश हळूच म्हणाला. “त्यात कांदा नसणार.” मग तो जमिनीवरच बसला. “केतकीताई, त्या पानावर जगात एकच माणूस हसू शकतो. ज्याचे दिवस घातले, तो.”

मग त्याने पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासमोर शेजाऱ्याचं नाव उच्चारलं. मोतालेब शेख, खुलन्याचा. आचऱ्याच्या कुबलाने त्याचा पिंड ठेवला होता.

केतकी पुण्याला गेली आणि चार दिवसांत तिचा फोन आला. तिच्या प्रकाशनसंस्थेचे संचालक नाव शोधायला तयार होते. आलेखात बिघाड आहे, तो तपासायचा आहे, असं कारण दिलं की कुलूप उघडतं. कुणाला कळणार नाही. “तुम्ही फक्त हो म्हणा,” ती म्हणाली. तिच्या स्वरावरून तिला हे फारसं पटलेलं दिसत नव्हतं.

रुपेशला तत्काळ हो म्हणायचं होतं. फोन कानाला लावूनच त्याने वैदेहीकडे बघितलं.

“उद्या सांगतो म्हण,” ती म्हणाली.

घरात दोघं मालवणीतच बोलत. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “तेका सांगूचा असता तर तेना सांगला असता. तुझा नाव पुस्तकावर छापलेला आसा, गाव छापलेला आसा. तरी तो गप आसा. कित्याक?”

“तेका काय अडचण असतली.”

“मग ती अडचण तू उघडी करतलंस?”

रुपेश चिडला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा चिडला नव्हता. चार वर्षं त्या आवाजाने आपल्याला जिवंत ठेवलं, तू तिथे नव्हतीस, तुला काय कळणार, असं तो बोलून गेला.

वैदेहीने ऐकून घेतलं. मग ती प्रमाण मराठीत बोलायला लागली. फार गंभीर असली की ती वर्गातल्यासारखं बोलायची. “मी तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी तिथला कुणीतरी वाचायचा. मला ते माहीत होतं. म्हणून मी तुला आवडणाऱ्या भाजीबद्दल लिहायचे, आपल्या मुलांबद्दल, शाळेबद्दल लिहायचे. तुझी आठवण येते, हे मी नऊ वर्षांत एकदाही लिहिलं नाही. परक्या माणसाने वाचलं असतं म्हणून. तुझं पुस्तक मी कागदावर वाचलं, ते का? माझ्या श्वासाची रेघ केतकीच्या पडद्यावर जायला नको होती. तुझ्या पडद्यावरसुद्धा नको होती. त्या माणसाने तुला आपला श्वास दिलाय. नाव दिलेलं नाही. जेवढं दिलंय तेवढंच घे.”

दुसऱ्या दिवशी रुपेशने केतकीला कळवलं की कुलूप उघडायचं नाही. आणि त्या पानात थोडी भर घालायची आहे.

वाचनपाटीवरचं पुस्तक लेखकाला कधीही बदलता यायचं. बदललेलं पान वाचकाकडे आपोआप पोचायचं. रुपेशने ‘मग जेवलो’च्या खाली एवढंच लिहिलं: ‘आता मला शंका येते, की ते कुणालाच पोचलं नाही. तसं असेल तर माझा त्या दिवसाचा भात चिमणीने फुकट खाल्ला.’

सगळ्या रेघा गोंधळल्या. रडत असलेले वाचक थबकले, अनेकांच्या कपाळाला आठी पडल्याचं पाटीने नोंदवलं. आणि बंगाली अनुवादातली ती एक रेघ मुकाट्याने हसली. बराच वेळ हसली. त्यानंतर पहिल्यांदाच तिचा श्वास अडकला आणि ओला होऊन सुटला.

केतकीने तो आलेख रुपेशला पाठवला. रुपेशने तो वैदेहीला दाखवला नाही, फक्त एवढंच सांगितलं, “आसा तो. जितो आसा.”

मग वर्षभर हे चाललं. रुपेश दर महिन्याला त्या पुस्तकात कुठेतरी दोन ओळी घालायचा. शेजारी बढाई मारायचा की त्याच्या हिलशाने एका कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. रुपेशने लिहिलं, ‘काटा टाळ्याला रुतला असणार.’ कांदा त्याने काढून टाकला आणि पुढच्या महिन्यात मुद्दाम टोमॅटो घातला. त्या शब्दावर रेघेने असा काही उसळून श्वास घेतला की रुपेश कामावर हसत सुटला. आपली मुलं कशी आहेत, वैदेहीने चष्मा कसा बदलला, खाडीत यंदा किती कमी मासळी आहे, हेही तो तुरुंगाच्या आठवणीत घुसडून लिहायचा. नाव कुठेच नाही, प्रश्न नाही. पलीकडून श्वास यायचा. कधी शांत, कधी घाईचा, कधी हसरा.

याची किंमत त्याला मोजावी लागली. समीक्षकांनी लिहिलं की एक थोर पुस्तक लेखक स्वतःच्या हाताने बिघडवतो आहे. त्या वर्षी मोठा पुरस्कार मिळणार असं सगळे धरून चालले होते, तो दुसऱ्या पुस्तकाला गेला. संचालकांनी पत्र पाठवलं की भर घालणं थांबवावं. रडण्याची रेघ आता पूर्वीसारखी खोल जात नव्हती. काही वाचकांनी लिहिलं की तुमच्या शेजाऱ्याच्या मरणावर आम्ही मनापासून रडलो आणि तुम्ही त्याची थट्टा करता. या निरोपांनी रुपेशला वाईट वाटायचं. उत्तर देता येत नव्हतं. खरं सांगितलं तर पलीकडचा माणूस उघडा पडला असता.

केतकीने संचालकांना सांगितलं की लेखकाचा करार आहे, पान त्याचं आहे. ती एकटी आपल्या कार्यालयात किती बोलणी खात होती हे रुपेशला फार नंतर कळलं. त्याने एकदा तिला विचारलं, “तुम्हाला नाही वाटत पुस्तक बिघडतंय?”

“वाटतं,” ती म्हणाली. “पण असं बिघडताना मी कुठलं पुस्तक बघितलेलं नाही. लिहा तुम्ही.”

हळूहळू वाचकांच्याही काहीतरी ध्यानात यायला लागलं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, पण लोक त्या नव्या ओळींपाशी थांबू लागले. कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय, आणि आपण त्यात मध्ये बोलू नये, अशा बेताने त्यांचे डोळे तिथून हलके सरकत. त्यांच्या या समजूतदारपणाचं रुपेशला फार अप्रूप वाटलं. तो म्हणायचा, माझ्या रडण्यावर रडणारे चांगले होते, पण हे त्याहून चांगले.

पुढच्या हिवाळ्यात केतकीच्या कार्यालयात खुलन्याहून एक निरोप आला. पाठवणारीचं नाव शिरीन. तिने लिहिलं होतं: ‘माझे वडील मोतालेब शेख. घशाला कर्करोग झाला म्हणून त्यांना कोठडीतून इस्पितळात नेलं आणि त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. पहारेकऱ्याने गळ्यावरून बोट फिरवलं ते त्यासाठी. पुढे आजारी माणूस म्हणून सोडलं, पण तुरुंगाबद्दल कुणाला काही कळवायचं नाही असं लिहून घेतलं. त्यांच्या जहाजावरचे दोघे अजून आत होते. वडिलांची नुसती ओळख उघड झाली असती तरी त्यांना भोगावं लागलं असतं. ते दोघे गेल्या आठवड्यात घरी आले. वडील विचारतात, तुमच्या पुस्तकात मेलेल्या माणसाने तुम्हाला जेवायला बोलावलं तर चालेल का?’

रुपेशने हे वैदेहीला वाचून दाखवलं. ‘भोगावं लागलं असतं’ या शब्दांपाशी तो थांबला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दोघं खुलन्याला गेली. नदीजवळ दोन खोल्यांचं घर होतं. दारात बुटका, टक्कल पडलेला, गळ्याभोवती पातळ सुती रुमाल बांधलेला माणूस उभा होता. रुपेशने मनात नेहमी एक उंच, दांडगा गडी रंगवला होता. समोरचा चेहरा त्याला साफ अनोळखी वाटला. तेवढ्यात त्या माणसाचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी आणि आवाज अजिबात नाही. पडद्यावर पाहिलेली ती करवतीसारखी रेघ रुपेशने पहिल्यांदा माणसाच्या अंगावर पाहिली. मग दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

जेवण मोतालेबने स्वतः रांधलं होतं. जेवताना त्याने खडूच्या पाटीवर लिहून विचारलं की ते पान आता काढणार का; लिहिलेलं शिरीन हिंदीत वाचून दाखवत होती. रुपेश म्हणाला, काढावं लागेल, तू जिवंत आहेस. मोतालेबने मान हलवली आणि लिहिलं, ‘राहू दे. माझ्यासाठी इतक्या लोकांनी रडावं असा मी कधीच नव्हतो. खाली खरं काय ते लिही.’

शिरीन वीस वर्षांची होती, परिचारिकेचं शिक्षण घेत होती. वडील जहाजावर गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ते तुरुंगात असताना तिची आई गेली. जुनं घर वादळात वाहून गेलं, त्यात आईचा फोनही गेला. वडिलांना डॉक्टरांनी यंत्राचा आवाज देऊ केला होता, पण तो कुणाचातरी भलत्याचाच वाटतो म्हणून त्यांनी घेतला नाही. त्यांचा स्वतःचा आवाज बनवून द्यायलाही यंत्राला थोडासा तरी नमुना लागतो, आणि तो कुठेच नव्हता. हे सगळं तिने हिंदीत, जरा अडखळत सांगितलं. मग विचारलं, “काका, आत्या सांगते त्यांचा आवाज जाड होता. एवढंच सांगते. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. कसा होता?”

रुपेशला वाटलं, खर्जातला होता, संथ होता, असं काहीतरी सांगावं. पण तेवढ्याने काही सांगितल्यासारखं झालं नसतं. त्याने मोतालेबकडे पाहिलं. मोतालेब पाटी बाजूला ठेवून बसला होता.

रुपेशने घसा साफ केला. चार वर्षं पाइपाला कान लावून ऐकलेला तो सूर, वाक्याच्या सुरुवातीला खाली आणि शेवटी लांबत जाणारा, ‘स’चा ‘श’ करणारा, त्याने आपल्या गळ्यात आठवून आठवून बसवला.

“ओ बगलवाला भाई,” तो म्हणाला, “भूख लगा? शुनो, आज हम क्या बनाता है.”

मोतालेबने तळहात खाली दाबून खूण केली, अजून खाली. रुपेशने आवाज उतरवला आणि पुन्हा म्हटलं. तिसऱ्या खेपेला मोतालेबचा हात हवेतच थांबला, मग हळूच मांडीवर आला.

शिरीनने डोळे मिटून घेतले होते.

“आणखी बोला,” ती म्हणाली.